कुणीतरी या

"कुणीतरी या गं घ्यायला!"

बाबांचा आवाज खर्जातला. वळणावरच्या पिवळ्या घराच्या कुंपणाला पिशवी टेकवून ते ही हाक मारायचे, आणि ती हाक त्यांच्याआधी पायऱ्या चढून आमच्या खिडकीपाशी यायची, जरा दम खायची, मग आत यायची. खालच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या. डोंगराच्या उतरणीवर घरं अशी लागलेली, की एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. इथे आवाज चढतो, माणूस चढत नाही. खाली कुणी चमचा पाडला तर वर कळतं कुठल्या घरात पाडला. आणि घरात आम्ही माणसं तीनच. हाक मारणारे ते, उरलो दोघी, आई आणि मी. तरी त्यांनी कधी नाव घेऊन हाक मारली नाही. लहानपणी मी विचारलं होतं तर म्हणाले, "नाव घेतलं की हुकूम होतो, बाळ. कुणीतरी म्हटलं की ज्याला यावंसं वाटतं तो येतो." आईचं नाव तर त्यांनी घरातसुद्धा घेतलेलं मला आठवत नाही. तिला ते 'ऐकलंस का' म्हणायचे. "ऐकलंस का, माझा चष्मा कुठाय?" "ऐकलंस का, वारा सुटलाय, दार ओढ." आणि ती असेल त्या खोलीतून म्हणायची, "ऐकलं." जन्मभर हेच त्यांचं बोलणं. ते विचारायचे ऐकलंस का, ती सांगायची ऐकलं, आणि मधे चष्मा, दार, पिशवी, म्हातारपण.

हे सगळं आज सकाळी आठवायचं काही कारण नव्हतं. मी पत्रपेटी उघडली तर आत घडी घातलेली चिठ्ठी होती. वसाहत समितीची. अक्षर वळणदार. 'वसाहतीची शांतता हा आपणा सर्वांचा ठेवा आहे. आपल्या घरातून वारंवार मोठ्या आवाजातील बोलणे ऐकू येते. वृद्धांशी सौजन्याने वागावे, ही नम्र विनंती.' मी ती पत्रपेटीपाशी उभी राहूनच दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला तो 'वारंवार' या शब्दाचा. दुसऱ्यांदा 'सौजन्य' या शब्दाचा. समिती म्हणजे आमच्या वरच्या घरात राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना शूऽकाका म्हणते, कारण पायऱ्यांवर कुणी हसताना दिसलं की त्यांचं बोट आपोआप ओठांवर जातं. सौजन्याने वागावे. सहा वर्षं मी ओरडतेय. आई, चहा! आई, गोळी! आई, दार कुणी वाजवलंय ते बघू का! सकाळी डोळे उघडले की माझा घसा आधी जागा होतो. आईला ऐकू येत नाही, हे अख्ख्या टेकडीला ठाऊक आहे, शूऽकाकांनाही ठाऊक आहे. मग मी कसं बोलू तिच्याशी, पत्र पाठवू का? आणि एक गोष्ट ओरडणाऱ्यालाच कळते. हळू बोलायच्या गोष्टी ओरडून बोलता येत नाहीत. 'आज फार दमले गं' हे ओरडून बघा. तक्रार होते. 'तू जेवलीस का' ओरडून बघा. उलटतपासणी होते. सहा वर्षांत माझ्या तोंडातले सगळे मऊ शब्द असे एकेक करून कडक झाले, आणि मग मी ते बोलायचेच सोडून दिले. उरलं ते कामापुरतं. चहा. गोळी. दार.

मी वर आले. आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. मी चिठ्ठी ओट्यावर आपटली, तिच्याकडे पाठ केली आणि नळाखाली हात धरले. नळ नव्हता सोडला अजून. अगदी स्वतःशीच, ओठसुद्धा धड न हलवता मी पुटपुटले, "त्या शूऽकाकाच्या तोंडात बोळा कोंबा कुणीतरी." समोरच्या कपाटाची काच काळसर आहे, तिच्यात मागची खोली दिसते. काचेत आई हसली. तोंड भरून नव्हे. ओठांचा एक कोपरा हलला, जसा तो पूर्वी बाबांच्या एखाद्या आचरट विनोदावर हलायचा, आणि लगेच तिनं तो मटाराच्या शेंगेवर वाकून लपवला.

मी वळले. "काय झालं?" मी नेहमीच्या आवाजात म्हणाले. म्हणजे साध्या माणसाच्या आवाजात.

"काऽय?" आई ओरडली. कानामागे हात. "मोठ्यानं बोल की जरा, बाई!"

मी नळ सोडला. पाणी हातांवरून वाहत राहिलं, आणि मला ते ऐकत उभं राहवेना म्हणून मी तो बंद केला.

माझं पोट कानांवर चालतं, ही यातली सगळ्यात हसण्यासारखी गोष्ट. खाली शहरात कानाच्या डॉक्टरांकडे मी बावीस वर्षं ऐकण्याची तपासणी करते. एक खोली आहे, खोलीत खोली, भिंतींना आतून राखाडी स्पंज, दारामागे आणखी एक दार, आणि मधे एक काचेची खिडकी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा." मग मी बाहेर यंत्रापुढे बसून एकेक सूर पाठवते, मोठ्यापासून बारीक, बारीकहून बारीक. आतलं बटण दाबलं की माझ्या पुढ्यात हिरवा दिवा लागतो. मी कागदावर खूण करते. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. शेवटी खुणा जोडल्या की त्या माणसाचा उतार दिसतो. म्हातारपणाचा उतार ओळखीचा असतो. आधी बारीक, टोकदार आवाज जातात: पाखरं, शिट्ट्या, पोरीबाळींचं बोलणं. खर्जातला आवाज सगळ्यात शेवटी जातो. पुरुषाचा, ढोलासारखा आवाज. बाबांसारखा.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आज मान्य करते म्हणून नवं नाही झालं. बाबा गेले त्या दिवशी आई जे म्हणाली ते कागदावर कधीच उतरलं नसतं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. डॉक्टर किती वेळा म्हणाले, "अहो, घरात बहिरी आई आणि तुम्ही इथे लोकांचे कान तपासता! घेऊन या एकदा." मी म्हणायची, "पायऱ्या आहेत हो. तिला दगदग होते." पायऱ्या फार कामाच्या असतात. कुठलीही गोष्ट टाळायला चौऱ्याण्णव कारणं.

त्या पायऱ्यांवर बाबांनी एक गाणं रचलं होतं. स्वतःच जुळवलेलं, चढताना म्हणायचं:

पायरी बाई पायरी, तुझा केवढा गं तोरा
माथ्यावर पाय माझा, तरी मलाच घाम सारा

दुसऱ्या ओळीला दम संपायचा, मग ते थांबायचे, आणि हाक यायची. मी शाळेत असताना उड्या मारत जायची. कॉलेजात असताना पुस्तक उपडं ठेवून जायची. नोकरी लागल्यावर मी स्वतःच त्या पायऱ्या चढून आलेली असायची, चपला काढलेल्या, पाय उशीवर. मग आई जायची. मग आईचे गुडघे गेले. मग रोज सहा वाजायच्या आधीच घरात एक गप्प बसण्याची शर्यत सुरू व्हायची. मी काहीतरी कामात आहे असं मी दाखवायची, ती काहीतरी कामात आहे असं ती दाखवायची, आणि 'कुणीतरी' हा शब्द दोघींच्या मधे जमिनीवर पडलेल्या रुमालासारखा पडून राहायचा. बहुतेक वेळा मीच उठायची, पण धडपणे नाही. जिना दणदण उतरायची. बाबा खाली विचारायचे, "काय गं, रागावलीस?" मी म्हणायची, "नाही." पिशवी हिसकावून पुढे चालायला लागायची, आणि ते मागून माझ्या पाठीशी बोलत यायचे. संत्री चांगली मिळाली म्हणून. पिवळ्या घरातल्या बाईंनी नवीन वेल लावला म्हणून.

त्या दिवशी चार वाजताच आमचं वाजलं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले होते, डोकं दुखत होतं. आई म्हणाली, "आलीच आहेस लवकर, तर आज तू जा हं खाली." मी म्हणाले, "रोज मीच जाते. आज डोकं फुटतंय माझं." ती म्हणाली, "रोज म्हणे! आणि तू जन्मली नव्हतीस तेव्हा कोण जात होतं? पन्नास वर्षं नाचतेय मी या पायऱ्यांवरून." मी म्हणाले, "मग आज एक्कावन्नावं." हे मी हसत म्हणाले असते तर विनोद झाला असता. मी हसले नाही. ती खिडकीपाशी जाऊन बसली, कपड्यांच्या घड्या करत. मी ओट्यापाशी. दोन तास आम्ही एका शब्दानं बोललो नाही; पण दोघींनाही ठाऊक होतं आपण सहा वाजायची वाट बघतोय.

हाक आली. "कुणीतरी या गं घ्यायला!" मी हातातला पेला विसळत होते. मी नळ थोडा मोठा केला. हे मी केलं. हाताला कळलं तेव्हा मला कळलं असं नव्हे; मला आधी कळलं, मग हातानं केलं. जाऊ दे तिला आज एक दिवस, असं मनात म्हणाले. दुसरी हाक आली तेव्हा मी नळ पूर्ण सोडला. मग काही आलं नाही, किंवा पाण्यात मला कळलं नाही. घेतली असेल उचलून त्यांनी, म्हटलं. एक पेला मी किती वेळ विसळत होते कोण जाणे. मग पिवळ्या घरातल्या बाई धावत वर आल्या. त्या एवढ्या चढून आल्यात तरी त्यांना धाप लागलेली नाही, हेच मला आधी दिसलं. बाबा एकसष्टाव्या पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. म्हणजे वळणावरून ते स्वतःच वर निघाले होते. पिशवी शेजारी सरळ उभी. कलंडू नये म्हणून तिचे बंद त्यांनी नेहमीसारखे एकमेकांत अडकवलेले.

माणसं जमली. शूऽकाका वरून आले, पायांत दोन वेगळ्या चपला. म्हणाले, "दोनदा हाक ऐकली हो आम्ही. आम्हाला वाटलं, तुम्ही आहातच घरात." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, पण सगळ्यांची तोंडं आमच्याकडे वळली. आई ताबडतोब म्हणाली, "मला ऐकूच आलं नाही हो. कान गेलेत माझे." आणि तिच्या वाक्याला जोडूनच, एकाच दमात, मी म्हणाले, "नळ चालू होता." एवढंच. पुढची सहा वर्षं आम्ही दोघी या दोन वाक्यांत राहिलो. माझं वाक्य बरं होतं, नळ बंद केला की संपलं. तिला तिचं रोज जगावं लागलं. पहिल्या आठवड्यात कुणी भेटायला आलं की ती कानामागे हात न्यायची. मग कुणी आलं नसलं तरी. मग माझ्यापुढे. आणि मी ओरडायला लागले. मी तिला एकदाही म्हणाले नाही, आई, चल, बघू तुझे कान. कारण तिला ऐकू येतं असं ठरलं असतं, तर प्रश्न सरकत सरकत नळापर्यंत आला असता.

गुडघे आता माझेही बोलतात. खाली दवाखान्याजवळ सपाट रस्त्यावर घर बघावं म्हणून मी दोन वर्षं मागे लागलेय. सामान आणणारा माणूस फोन करतो, "मॅडम, खाली या ना जरा." रिक्षावाला वळण दिसलं की मान हलवतो. मी आईला म्हणते, "आपण खाली राहायला जाऊ!" ती म्हणते, "काऽय?" मी परत ओरडते. ती म्हणते, "खालच्यांना ऐकू जातं म्हणतेस? जाऊ दे!" आणि शेंगा सोलायला लागते. या उत्तरावर चिडावं की टाळी द्यावी, ते मला अजून कळलेलं नाही. असा माझा जन्म चाललाय.

पण आज काचेत ती हसली होती.

मी तिला बारा वाजता म्हणाले, "तयार हो! दवाखान्यात जायचंय!" वाटलं, काऽय म्हणेल. ती काही न विचारता उठली आणि पर्स घेऊन दारात उभी राहिली. एकसष्टाव्या पायरीपाशी ती नेहमी भिंतीला हात लावते. आजही लावला. शनिवारी दवाखाना बंद असतो, किल्ली माझ्याकडे असते. मी तिला आतल्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, तिचे पांढरे केस त्याखालून मोकळे केले. फार दिवसांनी मी तिच्या केसांना हात लावला. बटण हातात दिलं. "आवाज आला की बटण दाब! कितीही बारीक असला तरी!" दोन्ही दारं ओढली, माझे हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे बसले.

मोठ्या आवाजाला दिवा लागला. त्याहून कमी केला, लागला नाही. परत तोच आवाज पाठवला, आता लागला. परत पाठवला, नाही. खऱ्या बहिऱ्याचा उतार कितीदाही काढा, तसाच येतो. खोट्याला आपलं मागचं खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि कानाला ते जमत नाही. मी असे बरेच पाहिलेत. भरपाईसाठी बहिरे, बदली टाळायला बहिरे, एक तर नुसता बायकोला कंटाळून बहिरा झालेला. त्यांच्यासाठी आमची एक साधी युक्ती असते. सूर बंद करायचे, माइक उघडायचा, आवाजाचं बटण तळापर्यंत उतरवायचं, कुजबुजीच्याही खाली, आणि अगदी सहज म्हणायचं, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." माणूस मान खाली घालून बघतो. झालं. मग मी कागदावर खूण करते आणि त्याच्याकडे न बघता पुढच्याला बोलावते.

काचेपलीकडे आई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. डोळे मिटलेले. परीक्षेला बसल्यासारखी, आणि परीक्षा नापास व्हायची ठरवून आल्यासारखी. माझ्या कागदावर लाल गोल वेडेवाकडे सांडले होते. सहा वर्षांचा संताप माझ्या घशात आला. या बाईनं माझा आवाज खाल्ला. मला भांडखोर पोरगी केलं चारचौघांत. मी माइक उघडला. आवाज तळाला नेला. वाक्य तयार होतं: आई, तुझी पर्स उघडी आहे. तिनं खाली बघितलं असतं, मी जिंकले असते, आणि मग त्याच चौऱ्याण्णव पायऱ्या आम्ही दोघी परत चढलो असतो.

मी तोंड उघडलं तर आवाजच येईना. हळू कसं बोलतात ते घसा विसरला होता. पहिला शब्द नुसता वारा झाला. मग आला.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशी मला हाक ऐकू आली होती. दोन्ही वेळा. नळ मी मुद्दाम मोठा केला होता. मला वाटलं, तू जाशील."

इतक्या खाली की माझं मलाच ऐकू आलं नाही. ती तशीच बसून राहू शकली असती. तिला कुणी काही म्हणू शकलं नसतं. एवढा बारीक आवाज ऐकू न येणाऱ्या बाईचं कोण काय वाकडं करणार? ती हलली नाही. डोळे मिटलेलेच होते. पर्सही उघडी नव्हती.

हिरवा दिवा लागला.

लागला आणि विझला नाही. सूर ऐकून माणसं बटण दाबतात आणि सोडतात. तिनं अंगठा दाबूनच धरला होता, नखाखाली पांढरा पडेपर्यंत. मी काचेला हात लावला. मग माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये आतल्या माइकवरून तिचा आवाज आला. सहा वर्षं बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं बोलणारी आई तिच्या जुन्या, घरातल्या आवाजात बोलत होती. बाबांना "ऐकलं" म्हणायची त्या आवाजात.

"तिसरी पण हाक मारली होती त्यांनी," ती म्हणाली. "तुझ्या नळात तुला आली नसेल. बारीक होती अगदी."

दिवा लागलेलाच होता.

"कुणीतरी नाही म्हणाले तेव्हा. माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." ती थांबली. "मला वाटलं, अजून एकदा घेतील. म्हणून मी बसून राहिले गं."